ताप आला तर गोठ्याची गोष्ट आधी सांगा

(शेती कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. वाचून झाल्यावर शेजारच्या पाड्यावर द्यावा.)



डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या मंडळींशी आज थोडं बोलायचं आहे. विषय आहे जनावरांपासून माणसांना होणारे आजार आणि त्यांच्यासाठी आधीच करून ठेवायची तयारी. विषय ऐकून कुणी म्हणेल, "आमची गुरं तर धडधाकट आहेत. दूध देतात, नांगर ओढतात. आम्हांला याचं काय?" बंधूंनो, नेमकी इथेच गफलत होते. यातले काही आजार असे आहेत, की जनावर चरत असतं, रवंथ करत असतं, आणि आजारी पडतो तो त्याचा मालक. जनावराच्या तोंडाकडे पाहून हे आजार ओळखता येत नाहीत. म्हणून तुमच्या सवयी आणि तुमची जीभ, या दोन्हींची मदत घ्यावी लागते. जिभेची कशी, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. एका पाड्यावर म्हैस गाभडली होती, म्हणजे दिवस भरण्याआधीच तिचं वासरू पडलं होतं, आणि वार अडकली होती. हातमोजे पेटीत होते, पण पेटी मोटारसायकलवर आणि मोटारसायकल ओढ्याच्या पलीकडे. म्हटलं, कशाला वेळ घालवा? उघड्या हातांनीच वार काढली. बोटाला खरचटलेलं होतं, तिकडे लक्षच दिलं नाही. तीनेक आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी ताप, रात्री घाम, सकाळी बरं. चार दिवस बरे जायचे, पुन्हा ताप. कंबर आणि सांधे तर असे दुखायचे, की उकिडवं बसता येईना. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडची औषधं झाली. दोन महिने असेच गेले. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी लगेच रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली आणि निदान झालं, ब्रुसेल्लोसिस. म्हणजे गाभडलेल्या जनावराच्या वारेतून आणि स्रावातून माणसाला होणारा ताप. दोन औषधं सहा आठवडे घेतली आणि बरा झालो.

यात दोष कुणाचा? माझाच. पुस्तकात वाचलेला आजार, पण माझ्या तापाचा त्या म्हशीशी संबंध असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. आणि दोन महिन्यांत मी एकाही डॉक्टरांना म्हशीची गोष्ट सांगितली नाही. माझं हे झालं, मग रात्रंदिवस गुरांत राहणाऱ्या माणसाचं काय होत असेल? म्हणून आजच्या सगळ्या बोलण्यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ही ठेवा: ताप आला आणि दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपण होऊन सांगा, "माझ्या घरी गुरं आहेत. माझ्या अंगावर गोचीड होता. मी बकरा कापला होता. मी चिखलात लावणी केली." यातलं जे खरं असेल ते. या एका वाक्याने जीव वाचतो.

गोचीड आणि काँगो ताप

आता आपल्या शिवेवरची गोष्ट. अच्छाडच्या नाक्यापलीकडे भिलाड, झाईच्या पलीकडे उंबरगाव, उधव्याच्या पलीकडे दादरा-नगर हवेली. सोयरीक तिकडे, मजुरी तिकडे, गुरांची खरेदीविक्रीही तिकडे. माणूस हद्द ओळखतो, पण बैलाच्या कानामागे बसलेला गोचीड हद्द ओळखत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन दिवसांत, गुजरातच्या काही जिल्ह्यांत काँगो ताप आढळल्यामुळे पालघर जिल्ह्यात सावधगिरीचा इशारा देण्यात आला होता. पशुसंवर्धन खात्याने तसं परिपत्रक काढलं होतं. तुमच्यापैकी काहींच्या कानांवर ते आलंही असेल.

या तापाचा विषाणू एका जातीच्या गोचिडात राहतो. गोचीड गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या अंगावर रक्त पितो. जनावराच्या रक्तात हा विषाणू आठवडाभर राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. माणसाला तो तीन वाटांनी होतो. एक, गोचीड चावल्याने किंवा उघड्या हाताने चिरडल्याने. दोन, बाधित जनावर कापताना त्याचं ओलं रक्त जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागल्याने. आणि तीन, आजारी माणसाच्या रक्ताच्या किंवा अंगातल्या स्रावांच्या संपर्काने.

ही तिसरी वाट किती घातक आहे, ते भारताने जानेवारी २०११ मध्ये पाहिलं. अहमदाबाद जिल्ह्याच्या साणंद तालुक्यातली एक बाई तापाने आणि रक्तस्रावाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका हेही त्याच आजाराने गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की हा काँगो ताप आहे. भारतात माणसांत त्याची खात्री पटण्याची ती पहिलीच वेळ. पुढे त्या गावातली गुरं आणि गोचीड तपासले, तेव्हा त्यांतही या विषाणूच्या खुणा सापडल्या. विचार करा, समोरच्या रोग्याचा ताप कसला आहे याची सुरुवातीला कल्पना असती, तर उपचार करणारे हात वेगळ्या बेताने पुढे झाले असते. तुमचं ते एक वाक्य तुमच्यासाठी तर आहेच, पण तुमच्या डॉक्टरांसाठी, नर्सताईंसाठी आणि घरी उशाशी बसणाऱ्या आईसाठीही आहे.

या तापात काय होतं? एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग आणि पाठ दुखणं, उलट्या, डोळे लाल होणं. पुढे अंगावर लाल-काळे डाग येतात. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. गोचीड चावल्यापासून बहुधा तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत ताप येतो. रक्ताच्या संपर्काने झाला तर तेरा दिवसांपर्यंतही लागू शकतात. दहा रोग्यांमध्ये एकापासून चारांपर्यंत दगावू शकतात. लस सर्वांना मिळेल अशी अजून नाही. म्हणून गोचीड दूर ठेवणं हीच खरी लस.

आपल्याकडे गोचीड कोण काढतं? बहुतेक घरांत पोरं. गुराखी पोरगा दुपारी सावलीत बसतो, बैलाच्या मानेवरचे टम्म फुगलेले गोचीड खुडतो आणि दगडावर ठेवून फोडतो. त्याला ती गंमत वाटते. ही सवय आजपासून बंद करा. लहान मुलांना हे काम देऊ नका. मोठ्या माणसाने हातात रबरी मोजे घालावेत, नसतील तर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या एकीवर एक चढवाव्यात. डब्यात रॉकेल किंवा साबणाचं दाट पाणी घ्यावं आणि गोचीड त्यात टाकावेत. नखाने, दगडाने, पायाने चिरडू नयेत. माणसाच्या अंगावर गोचीड चिकटला तर त्याच्यावर रॉकेल ओतू नका, काडी लावू नका. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा, पीळ न देता सरळ ओढून काढा, जागा साबणाने धुवा आणि तारीख लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. गुरांच्या अंगावर औषध मारलं की काम झालं असं समजू नका. पोट भरलेली मादी जनावरावरून गळून पडते, कुडाच्या फटीत, दगडाखाली, गव्हाणीच्या सांदीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. तुम्ही अंग धुता, घर तसंच राहतं, पंधरा दिवसांनी गुरं पुन्हा भरतात. म्हणून गुरांना औषध लावाल त्याच दिवशी गोठ्याच्या फटी, जमिनीच्या भेगा, गव्हाण या ठिकाणीही फवारा. नंतर भेगा माती-शेणाने लिंपून घ्या, भिंतीच्या तळाला चुना मारा. कुडाच्या आणि गवताच्या घरात गोचीड जाळण्यासाठी पेटता चूड फिरवू नका, गोचिडापायी घर जाईल. औषध कोणतं, किती पाण्यात किती, पुन्हा केव्हा, आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच ठरवा. ही औषधं विषारी असतात. फवारताना नाकातोंडाला फडकं बांधा, उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका.

देवाला कोंबडा-बकरा देण्याची रीत आपल्याकडे आहे. रीत तुमची, ती तुम्ही सांभाळा. मी एवढंच सांगतो, की ज्याच्या हाताला कापलेलं आहे त्याने सुरी धरू नये. रक्त तोंडावर उडणार नाही असं पाहावं, पोरांना लांब ठेवावं, हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. रक्त आणि टाकाऊ भाग खड्ड्यात पुरून वर चुना टाकावा. नीट शिजवलेल्या मटणापासून आणि उकळलेल्या दुधापासून या तापाचं भय नाही. भय आहे ते ओल्या रक्ताचं.

लावणीचा चिखल आणि लेप्टो

दुसरा आजार पावसाळ्यातला. नाव लेप्टोस्पायरोसिस, लोक नुसतं लेप्टो म्हणतात. उंदीर-घुशींच्या मुतातून याचे जंतू पाण्यात येतात, आणि गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्या मुतातूनही येतात. ओल्या जागेत, साचलेल्या पाण्यात ते बरेच दिवस तग धरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती, ती अशाच पाण्यातून चालल्यामुळे. आपल्या कोकणपट्टीत तर दर पावसाळ्यात भातशेतीत तेच पाणी असतं.

चिखलणी, लावणी, बेणणी, वलगणीचे मासे, बांधावरचे खेकडे या सगळ्यात आपले पाय तास न् तास पाण्यात असतात. टाचांना भेगा पडलेल्या असतात, बोटांच्या सांध्यांत चिखल्या झालेल्या असतात. जंतूला एवढं दार पुष्कळ झालं. कापणीनंतर शेतातले उंदीर पकडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. उंदीर उघड्या, खरचटलेल्या हाताने साफ करण्यात धोका आहे.

तज्ज्ञ म्हणतात, गमबूट घाला. मला ठाऊक आहे, लावणीच्या चिखलात गमबूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो. तेव्हा जे जमेल ते सांगतो. गोठा साफ करताना, बांधावर आणि पाण्याच्या पाटात काम करताना गमबूट जरूर वापरा. उघडी जखम असेल त्याने चार दिवस चिखलात न उतरता बांधावरचं काम घ्यावं. घरात कामाची अदलाबदल करता येते. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. शेतातून निघताना स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पाय धुवा. साबणाची एक वडी शेतावरच्या मांडवात टांगून ठेवा, घरी येईपर्यंत विसर पडतो. साचलेल्या पाण्यात तोंड धुऊ नका, चूळ भरू नका. भाताच्या कणगीला, खळ्याला उंदरांपासून जपा, आणि धान्य व राहतं घर यांत जमेल तेवढं अंतर ठेवा.

लक्षणं अशी: थंडी वाजून ताप, डोळे लाल, डोकं दुखणं, आणि पिंढऱ्या व मांड्या दाबल्या तरी कळ येईल इतक्या दुखणं. लावणीच्या दिवसांत पाय कुणाचे दुखत नाहीत? म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण ताप आणि पिंढऱ्या एकदम आल्या तर ते कष्टाचं दुखणं समजू नका. पुढे डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सुरुवातीलाच ओळखलं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मोठं रुग्णालयसुद्धा हात टेकतं. तेव्हा सांगा, "डॉक्टर, गेले पंधरा दिवस मी लावणीला होतो." जोखमीच्या भागात आधीच घ्यायच्या गोळ्याही असतात. त्या मात्र आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्या, शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून नको.

चावा, लाळ आणि पिसाळी

तिसरा आजार सगळ्यांच्या ओळखीचा, रेबीज. कुत्रा, मांजर, कोल्हा, मुंगूस, कुणीही चावलं तरी पहिलं काम एकच. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे बराच वेळ असतो, मनातच मोजू नका, घड्याळ पाहा. मिरची, चुना, हळद, तंबाखू, झाडपाला यांतलं काही जखमेत भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, ते टाळू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की जगातल्या कोणत्याही डॉक्टरांच्या हाती फारसं काही राहत नाही. लस वेळेवर आणि पूर्ण घेतली तर जीव वाचतो. मधला रस्ता नाही.

गावच्या भगतावर तुमचा विश्वास आहे. त्यांच्याकडे जायचं तर जा, पण लस घेऊन जा. भगतबुवांनाही माझी विनंती आहे. तुमचा शब्द पाड्यावर मोडत नाही. चावा घेतलेला माणूस आला, तर "आधी सुई टोचून ये" एवढं तुम्ही म्हणा. तुमच्या त्या शब्दाने जेवढे जीव वाचतील, तेवढे माझ्या भाषणाने वाचणार नाहीत.

आता एक गोष्ट, जी फार जणांना माहीत नसते. गाय-बैल-म्हैसही पिसाळते. जनावराचा आवाज घोगरा होतो, तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, सारखं हंबरतं. मालकाला वाटतं, घशात आंब्याची कोय किंवा काटा अडकला. तो बाही वर करतो आणि हात थेट घशात घालतो. बंधूंनो, असा हात घालू नका. जनावर बांधून ठेवा, पोरांना दूर ठेवा, पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. लाळ हाताला लागली असेल तर चाव्यासारखंच समजा: धुवा आणि दवाखान्यात जाऊन सांगा. त्या जनावराचं दूध वापरू नका. प्यालं गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

गाभडलेलं जनावर आणि मेलेली कोंबडी

माझ्या फजितीचा आजार मी सुरुवातीला सांगितला. त्याबद्दल दोनच सूचना. गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली, तर पडलेलं वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, ओढ्यात सोडू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईने तर त्या कामाला हातच लावू नये. दुसरी सूचना म्हणजे, चार ते आठ महिन्यांच्या गाय-म्हशीच्या कालवडी-पारड्यांना या आजाराची लस सरकारी कार्यक्रमात मोफत टोचतात. आयुष्यात एकदाच टोचायची असते. लस टोचणारा पाड्यावर आला की कालवड रानात गेली आहे, असं होऊ देऊ नका.

कोंबड्यांचं म्हणाल, तर घरोघरी दहा-वीस कोंबड्या असतातच. त्या पटापट मरू लागल्या की आपण म्हणतो, मानमोडी आली. बहुतेक वेळा ती मानमोडीच असते. पण दर वेळी असेलच असं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेही आपल्यासारखंच गुजरातच्या शिवेवरचं ठिकाण. लाखो पक्षी मारावे लागले. म्हणून एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, बाजारात नेऊ नका, नाल्यात फेकू नका. आणि लपवू नका. लोक लपवतात, कारण भीती वाटते, की सरकार येईल आणि उरलेल्याही मारून टाकेल. रोग ठरला तर माराव्या लागतात, हे खरं आहे. पण मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देण्याची तरतूद आहे. आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा सांगतो, की असा रोग दिसला तर कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. लपवलेल्या खुराड्यातून रोग आधी शेजाऱ्याकडे जातो, मग फिरून तुमच्याकडेच येतो.

तयारी कधी आणि कशी करायची?

साथ आल्यावर धावपळ होते, तयारी होत नाही. आपल्या कामांचं वेळापत्रक ऋतूंप्रमाणे ठरलेलं असतं, त्यातच हे बसवून टाका.

मृगाच्या आधी, राब भाजून झाले की गोठा लिंपून घ्या, फटी बुजवा, गुरांना गोचिडाचं औषध लावा.

लावणीत पायांची काळजी, आणि तापाकडे लक्ष.

वाघबारशीला आपण गुरांना मान देतो. त्याच दिवशी एकेक जनावर हाताखालून घाला: कानात, शेपटीखाली, कासेजवळ, मांड्यांच्या सांध्यात गोचीड आहेत का ते पाहा. कोणत्या जनावराला कोणती लस राहिली, तेही त्याच दिवशी विचारात घ्या.

दिवाळीनंतर वीटभट्टीला निघालात, तर कुत्रा चावल्याच्या लशीचा एखादा डोस राहिलेला नाही ना, ते पाहा. राहिला असेल तर कागद बरोबर न्या आणि जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस घ्या. बरोबर शेळ्या-कोंबड्या नेत असाल तर त्या झोपायच्या जागेपासून वेगळ्या बांधा.

चैत्रात, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेच्या सुमारास पाहुणे येतात, बकरे-कोंबडे कापले जातात. तेव्हा कापणाऱ्या हातांची काळजी घ्या.

नवं जनावर केव्हाही आणलं, शिवेअलीकडचं असो की पलीकडचं, तर ते पंधरा-वीस दिवस बाकीच्या गुरांपासून वेगळं बांधा. आल्या दिवशीच गोचीड पाहा. कानात बिल्ला आहे की नाही ते बघूनच व्यवहार करा.

आणि एक काम आजच, हा कागद खाली ठेवण्याआधी करा. घराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत तीन नंबर लिहून ठेवा. माणसाच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. जनावराच्या डॉक्टरांसाठी १९६२. तिसरा तुमच्या आशाताईंचा. रात्री तापाने फणफणलेल्या माणसाजवळ बसल्यावर नंबर आठवत नाही, भिंत मात्र समोर असते.

लक्षात ठेवा

१. गोचीड उघड्या हाताने काढू नका, चिरडू नका. हे काम पोरांना देऊ नका.
२. औषध गुरांना आणि गोठ्याला एकाच दिवशी.
३. ताप आणि पिंढऱ्यांत कळ म्हणजे त्याच दिवशी आरोग्य केंद्र.
४. चावा म्हणजे पंधरा मिनिटं साबण-पाणी, मग लस. सगळे डोस पूर्ण.
५. लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात नाही.
६. गाभडलेलं वासरू, वार, मेलेली कोंबडी खोल पुरा. एकदम जास्त मेल्या तर कळवा.
७. दूध उकळून प्या, मटण-अंडी पूर्ण शिजवा, प्रत्येक कामानंतर साबणाने हात धुवा.
८. डॉक्टरांना सांगा: "माझ्या घरी जनावरं आहेत."

बंधूंनो आणि भगिनींनो, गुरं विकून टाका असं कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. गाय-बैलाविना शेत नाही, शेळीविना अडीनडीला पैसा नाही, कोंबडीविना पाहुणचार नाही. जनावरांबरोबर राहायचंच आहे, तर जाणून राहायचं. डहाणूचं आणि काशाचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय आणि तुमच्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र ही ठिकाणं तुमचीच आहेत. तिथल्या डॉक्टरांच्या टेबलासमोर रांगेत उभे राहिलात की तुमचा नंबर येईपर्यंत मनात घोळवत राहा, की गेल्या पंधरा दिवसांत मी कोणत्या जनावराला हात लावला? नंबर आला की आधी ते सांगा, मग ताप किती आहे ते सांगा.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.